डबीतला कापूस

माझे वडील न्हाणीघरातल्या शहाबादी फरशीवर घसरून पडले, तेव्हा त्यांना खुब्यापेक्षा मोठी काळजी होती ती पूजा राहिल्याची. धाकटा भाऊ त्यांना उचलायला धावला, तर म्हणाले, "आधी इभूत आण." भावानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी धाराशिवला ऑफिसात, आवक-जावकच्या टेबलावर बसले होते. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी भावावरच खेकसले, "मग तू आणून दिलीस?"

"दिली की. पडल्या पडल्याच पूजा केली त्यांनी. चांगली वीस मिनिटं. मग कुठं मला गाडी बोलावू दिली."

माझा स्वभाव तापट आहे. ऑफिसात मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि मी ते मनावर घेत नाही. पण त्या दिवशी मी रजेचा अर्ज साहेबांसमोर हळूच सरकवला. साहेबांनी न वाचताच सही केली आणि मी उमरग्याची गाडी पकडली.

गाडीनं नळदुर्ग मागे टाकलं तशी मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून दोऱ्यात ओवलेली चांदीची छोटी डबी काढली आणि गळ्यात घालून पदराखाली सरकवली. शेजारच्या बाईला वाटलं असेल, दागिना चोरांच्या भीतीनं लपवला होता. पाच वर्षं माहेरी जाताना मी हे करत आले होते. परतीच्या गाडीत नळदुर्ग आलं की डबी पुन्हा पर्समध्ये.

हे नीट सांगायला हवं. आम्ही लिंगायत. उमरग्यात आमचं किराणा-भुसाराचं दुकान, घरात बोलणं मराठीत आणि भांडण कानडीत. आमच्याकडं लहानपणीच गुरू प्रत्येकाला इष्टलिंग देतात, मुलगा असो की मुलगी. सुपारीएवढा काळा गुळगुळीत देव. तो चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचा, छातीशी राहील असा, आणि मग जन्मभर उतरवायचा नाही. रोज आंघोळ झाली की डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचा, पूजा करायची, पुन्हा डबीत, पुन्हा छातीशी. माणूस गेलं की त्याला पुरतात, तेही त्याच्या डाव्या हातात त्याचा देव देऊन. आमचा देव देवळात भेटायला जायचा नसतो. तो सोबतच असतो, असं वडील, म्हणजे आमचे अप्पा, आम्हाला लहानपणी सांगायचे आणि मला ते फार आवडायचं. परीक्षेच्या वेळी मी डबी फ्रॉकवरून घट्ट दाबून धरायचे.

पाच वर्षांपूर्वी, त्या साथीत, माझ्या नवऱ्याला श्वास घ्यायला जड जाऊ लागलं. बाहेरगावच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि दार लागलं. कुणाला भेटू देत नव्हते. आत नेताना त्यांच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं होतं. तेव्हा सगळ्यांचंच काढत होते, त्यात कुणाचा दोष मी धरत नाही. अकराव्या दिवशी माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी आली. त्यात त्यांचं घड्याळ होतं, मोबाइल होता आणि गळ्यातली डबी होती. ते स्वतः काही आले नाहीत. त्यांना पुरलंही नाही. रांगेत जसं सगळ्यांचं झालं तसं त्यांचं झालं. हातात देव द्यायचा राहून गेला.

मी घरी आले, दार लावलं आणि पिशवीतली डबी समोर ठेवून देवाला स्पष्ट विचारलं, "त्यांना तिथं एकटं सोडून तू पिशवीत बसून माघारी आलास होय?" मग गळ्यातला दोरा काढला, माझं इष्टलिंग त्यांच्या इष्टलिंगाशेजारी ठेवलं, दोन्ही एका रुमालात बांधली आणि कपाटात साड्यांखाली सारली. त्यानंतर मी पूजा केली नाही.

राहिले अप्पा. त्यांना हे कळलं असतं तर ते खचले असते. म्हणून मी माझी डबी तेवढी पर्समध्ये ठेवली, फक्त डबी. तुम्ही म्हणाल, माहेरी जाताना खरंच इष्टलिंग घालून गेली असतीस तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. नुसतं दाखवायला देवाला गळ्यात बांधायचं म्हणजे त्याच्याशी खोटं बोलणं झालं. अप्पांशी खोटं बोलायची माझी तयारी होती, त्याच्याशी नव्हती. आता लिहिताना मला माझंच हसू येतं, कारण ज्याच्यावर विश्वास उरला नाही असं मी स्वतःला सांगत होते, त्याच्याशी इतकं इमान मी का राखत होते कोण जाणे. रिकाम्या डबीचं झाकण चालताना टकटक वाजायचं. मी तिच्यात कापूस कोंबला.

उमरग्याला उतरले ती थेट हायवेवरच्या हाडांच्या दवाखान्यात गेले. अप्पा खाटेवर उताणे पडलेले, पाय वाळूच्या पिशव्यांमध्ये धरलेला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे. सिस्टरशी त्यांचं वाजलं होतं. तिनं सलाइन डाव्या हाताला लावायला घेतलं, तर यांनी हात मागं ओढला. डावा हात देवाचा, तिथं सुई नको. उजव्या हाताची शीर सापडेना, तिनं तीनदा टोचलं, यांनी हूं की चूं केलं नाही.

"लई जिद्दी आहेत बाबा," सिस्टर मला म्हणाली.

"आमच्या घरात सगळेच तसे आहेत," मी म्हटलं.

डॉक्टर तरुण होते, मऊ बोलणारे. त्यांनी मला आणि भावाला बाजूला घेऊन फोटो दाखवला. खुब्याचं हाड तुटलं होतं. उद्या अकरा वाजता ऑपरेशन करून आधार बसवला, तर महिन्या-दीड महिन्यात वॉकर घेऊन हिंडतील. नाही केलं तर पडूनच राहतील, आणि ह्या वयात पडून राहिलेलं माणूस फार दिवस काढत नाही. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, "एकच आहे. अंगावर काही चालणार नाही. गळ्यातलं काढावं लागेल."

भावानं विचारलं, मनगटाला बांधलं तर? डॉक्टर म्हणाले, एका हाताला सलाइन, दुसऱ्याला प्रेशरचा पट्टा, छातीवर वायरी. दुसरे कुणी बांधू देतही असतील, पण मी देत नाही.

आम्ही अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "न्हाय."

एवढंच. मी समजावलं, भावानं समजावलं, डॉक्टर स्वतः येऊन खाटेच्या कडेला बसले. अप्पा त्यांना म्हणाले, "डाक्टर साहेब, तुमच्यावर माझा राग न्हाय. पाय ऱ्हाऊ द्या तसाच. म्या पडून राहीन." आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, नुसतंच. मला कळलं ते काय पाहत होते. जावयाचं काढलं होतं, आणि जावई परत आला नव्हता. हे ते माझ्यासमोर बोलणार नव्हते, मेले तरी. आणि मी तरी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होते की काही होत नाही, काढा?

ऐंशीला आलेला हा माणूस जन्मात कधी घाबरलेला मी पाहिला नव्हता. दुकानाला आग लागली तेव्हा पेटत्या पोत्यांमधून ते वजनकाटा बाहेर घेऊन आले होते. आई गेली तेव्हा आम्ही हंबरडा फोडला, ते उठून पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेले. आणि आता त्यांची बोटं त्या डबीवर अशी आवळलेली होती की नखं पांढरी पडली होती.

संध्याकाळी भावानं शेवटचा उपाय म्हणून मठातल्या स्वामींना फोन लावला. घरातली सगळी अडली-नडली कामं त्यांना विचारूनच होतात. फोन अप्पांच्या कानाशी धरला, आवाज मोठा केला. स्वामी म्हणाले, "जिवावरचा प्रसंग हाय, उतरवायला हरकत न्हाई. पर कप्प्यात नका टाकू, खाली नका ठेवू. रोज पूजा करणारं, गळ्यात लिंग असलेलं कुणीतरी घरचं माणूस असू द्या. त्यानं तळहातावर धरून बसावं. बाहेर आलात की पहिलं गळ्यात."

अप्पांनी डबीवरची बोटं जरा सैल केली. मग म्हणाले, "बरं."

भावानं सुटकेचा श्वास सोडला आणि हात पुढं केला. अप्पा म्हणाले, "तुझं खुंटीला असतंय. सणासुदीला तेवढं गळ्यात." भाऊ ओशाळून हसला. ते खरंच होतं आणि त्यानं कधी लपवलं नव्हतं. धंद्यात धावपळ असते म्हणायचा आणि बोलणी खायचा. वहिनी पक्की पूजेची, पण ती लेकीच्या बाळंतपणाला कलबुर्गीला गेली होती.

"हिच्याकडं देतो," अप्पा माझ्याकडं बोट करून म्हणाले. "माझी लेक करती रोज पूजा. सकाळी आंघोळ करून ये. दोघं मिळून पूजा करू, मग देतो तुझ्या हातावर."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? पदराखाली कापसाची डबी होती आणि समोर बाप माझ्यावर विसंबून ऑपरेशनला तयार झाला होता.

भावाच्या घरी गेल्यावर मी नाना खटपटी मनात करून पाहिल्या. धाराशिवच्या घराची किल्ली शेजारणीकडं होती. तिला फोन करायचा आणि सांगायचं, कपाट उघड, साड्यांखाली रुमालात देव आहेत, ते सकाळच्या उमरगा गाडीच्या ड्रायव्हरकडं दे. ती बिचारी देईलही. पण तिला हे सांगताना मला कसं वाटलं असतं? आणि आलेच समजा वेळेवर, तरी पाच वर्षं जे करायचं नाही म्हणून मी रिकामी डबी मिरवली, तेच करायचं होतं. दाखवायला देव. तोही अशा दिवशी. भुसारगल्लीत भाऊबंदांची दहा-बारा घरं होती. त्यातल्या कुणा चुलत वहिनीला बसवावं आणि काहीतरी निमित्त सांगावं, इथंवर येऊन मी थांबले.

सकाळी आठला दवाखान्यात पोचले. अप्पांची आंघोळ म्हणजे सिस्टरनं ओल्या फडक्यानं पुसलेलं अंग. त्यांनी डबी उघडली. पडल्या पडल्या डावा हात छातीवर उताणा ठेवला, त्यावर इष्टलिंग ठेवलं, सलाइनच्या हातानं विभूती लावली, पाण्याचा थेंब सोडला, भावानं आणलेलं बेलाचं पान वाहिलं. मग नुसते बघत राहिले. मी लहानपणापासून ही पूजा पाहत आले होते, पण हात हलवताना त्यांचं तोंड वेदनेनं वाकडं होत होतं आणि नजर मात्र हलत नव्हती, हे मला पाहवेना. शेवटी तीर्थ घ्यायचं असतं. सिस्टरनं बजावलं होतं, पाण्याचा थेंबही पोटात जाता कामा नये. त्यांनी ते बोटानं डोळ्यांना लावलं.

"आता तुझं काढ," ते म्हणाले.

"माझी झाली घरी."

"परत कर. देवाला काय कटाळा हाय व्हय?"

"अप्पा, माझ्यापेक्षा तुम्ही काकांच्या सुनेकडं द्या ना. ती जवळच आहे. मी बोलावते."

"का गं?"

खोटं पाच वर्षं कसं सरळ तोंडातून यायचं, आणि आता एक शब्द जुळेना. भाऊ औषधं आणायला खाली गेला होता. मी दोरा वर ओढला, डबी बाहेर काढली, झाकण फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

त्यांना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही. "काय हाय ते?"

"कापूस."

तेवढ्यात सिस्टर प्रेशर बघायला आली. "काढलं का बाबा गळ्यातलं?" तिनं विचारलं. मी उघडी डबी पदराआड धरली. तिनं पट्टा आवळला, सोडला, आकडा लिहिला आणि माझ्याकडं एकदा बघून निघून गेली.

"कवापासून?" अप्पांनी विचारलं.

"ते गेले तेव्हापासून."

"म्हंजे तू दर बारीला यायचीस तवा…"

"हो."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं, झालं, संपलं. आता हे कुणाच्याच हातावर देणार नाहीत. माझ्या ह्या एवढ्याशा डबीपायी माझा बाप अंथरुणाला खिळणार आणि पडून पडून जाणार. मला माझी इतकी चीड आली की मी डबी मिटून मुठीत गच्च दाबली. नऊ वाजून गेले होते.

"ते कुठं हाय?" भिंतीकडं बघतच त्यांनी विचारलं.

"घरी. कपाटात. त्यांच्याबरोबर."

"त्याचं बी तिथंच? मला वाटलं तू नदीत सोडलंस."

"नाही. एका रुमालात आहेत दोन्ही."

"तेवढं बरं केलंस," ते म्हणाले.

मग त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. "आन् मग पाच वर्सं कशी काढलीस?"

"कशी म्हणजे?" माझा पारा चढलाच. "काढली! घराबाहेर एकटी पडले नव्हते कधी, सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या जागी नोकरीला लागले. कॉम्प्युटर सुरू कुठून होतो ते ठाऊक नव्हतं मला. लोक हसायचे. संडासात जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत टेबलावर बसायचे. पोरीचं शिक्षण केलं. तिला डेंगू झाला तेव्हा नऊ दिवस एकटी उशाशी बसले. सगळं केलं. मी केलं!"

"तूच केलंस," अप्पा म्हणाले. "मला काय ठाऊक न्हाय व्हय? रोज फोन करतो म्या, तुझ्या आवाजावरनं कळतंय." मग म्हणाले, "पर मला एक सांग. तू त्याला उतरवलंस. त्यानं तुला उतरवलं का गं?"

मी म्हटलं, "मला नाही. पण त्यांना उतरवलं ना! त्यांना का उतरवलं, ते सांगा मला."

हा प्रश्न मी पाच वर्षांत कुणालाही विचारला नव्हता. लोक सांत्वनाला आले तेव्हाही नाही. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं आणि ते पुसायला त्यांचे दोन्ही हात मोकळे नव्हते. मी पदरानं पुसलं.

"ते मला ठाऊक न्हाय, यव्वा," ते म्हणाले. लहानपणी लाडानं यव्वा म्हणायचे, त्यानंतर आजच. "लई इचारलंय म्या त्याला. रोज सकाळी हातावर घेतलं की पहिलं हेच इचारतो. माझं पिकलं पान ठिवलंस आन् लेकीचा माणूस का नेलास?"

"मग? काय सांगतो?"

"काय सांगतोय. गप बसतो." त्यांनी तळहातावरच्या त्या काळ्या देवाकडं पाहिलं. "पर बसतो. उठून जात न्हाय. मी शिव्या दिल्या तरी बसतो."

खाली ट्रकांचे हॉर्न चालले होते. भाऊ औषधांची पिशवी घेऊन दारात आला, आमची तोंडं बघून तिथूनच मागं फिरला. अप्पा अंगठ्यानं इष्टलिंगावरची विभूती हळूहळू पुसत होते. "पाच वर्सं," ते स्वतःशीच म्हणाले. परत म्हणाले, "पाच वर्सं." मग एकदम वैतागल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "आन् म्या दोन तासाला भ्यायलोय. हात कर फुडं."

"अप्पा, स्वामींनी सांगितलंय, रोज पूजा करणारं…"

"स्वामीला म्या सांगतो. न्हाईतर तूच सांग, तुझं तोंड काय कमी हाय?"

मी डावा हात पुढं केला. त्यांनी इष्टलिंग एकदा डोळ्यांना लावलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते त्यांच्या अंगाच्या उबेनं कोमट होतं. मग त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली, लहान पोराच्या हातावर खाऊ ठेवून मिटवतात तशी. गळ्यातला दोरा आणि रिकामी डबी त्यांनी सिस्टरला काढू दिली. पावणेअकराला त्यांची खाट ढकलत नेली. दार बंद झालं आणि मला पाच वर्षांपूर्वीचं दार आठवलं, दुसरं काही आठवलंच नाही.

बाहेरच्या लोखंडी बाकावर मी बसून राहिले. भाऊ समजूतदार आहे, त्यानं काही विचारलं नाही, फक्त चहा आणून दिला. एका हातानं कप धरता येत होता, पण मला भीती वाटली की चहा सांडेल, मी दचकेन आणि मूठ उघडेल. तो तसाच गार झाला. मी विश्वासानं भरून गेले होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी घाबरले होते. तळहाताला घाम सुटला होता, आणि दर वेळी ते दार हललं की मला प्लास्टिकची पिशवीच दिसायची.

पाच वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते. बोलायची सवयही गेली होती. सुरुवात कुठून करावी तेच कळेना. शेवटी जे तोंडात आलं ते रागाचंच आलं. "अप्पांना आणून दे," मी मनात म्हटलं. "त्यांच्या वेळी पिशवीत आलास, आता ह्यांच्या वेळी माझ्या हातात आहेस, आता पळून दाखव." मग एकदा सुरू झाल्यावर मी थांबेना. नोकरीचं सांगितलं, पोरीच्या तापाचं सांगितलं, रात्री कुशीवर वळल्यावर हात रिकाम्या जागेवर पडतो ते सांगितलं. सांगताना मला जाणवलं की भाऊ माझ्याकडं बघतोय, कारण माझे ओठ हलत होते आणि डोळे वाहत होते. मला त्याची लाज वाटली नाही. सव्वा वाजेपर्यंत मी बोलत होते, आणि मूठ मिटलेली होती.

दीडच्या सुमाराला अप्पांना बाहेर आणलं. डॉक्टरांनी दारातूनच अंगठा वर करून दाखवला. कंबरेखाली बधिर केलेलं होतं, माणूस शुद्धीत होता, पण ब्लँकेटखाली थंडीनं कुडकुडत होता, दात वाजत होते. सिस्टरनं त्यांची खाट खोलीत आणून लावली आणि स्वतःहून डबी माझ्यापुढं धरली. मी मूठ उघडली. बोटं इतकी आखडली होती की सरळ होईनात. इष्टलिंग डबीत ठेवलं, झाकण फिरवलं, अप्पांचं डोकं उचलून दोरा मानेमागून घेतला.

"भ्याली होतीस?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"म्या बी," अप्पा म्हणाले. "आत त्ये मोठाले दिवे लावले आन् माझा हात सवयीनं छातीवर गेला. छाती मोकळी. लई भ्यालो यव्वा, खोटं कशाला बोलू. हाक मारणार हुतो, म्हणणार हुतो की आणा माघारी, न्हाय करायचं मला काय."

"मग?"

"मग म्हटलं, लेकीच्या हातावर हाय त्यो. पाच वर्सांनी दोघांची गाठ पडलीय, बोलत बसले असतील." त्यांनी डोळे मिटले. "म्हटलं, बोलू द्यावं. आपण कशाला मधी पडा."

मी त्यांच्या मानेमागं दोऱ्याची गाठ मारत होते. ती दोनदा सुटली आणि तिसऱ्यांदा बसली.